मावशीच्या दंडावरचा ताईत

सुमन गेल्याचा फोन आधी माझ्या मुलीला आला, मला नाही. मी सख्खी थोरली बहीण, गोंडपिपरीत फोनजवळच बसलेली. आणि बातमी नागपूरहून आधी पुण्याला, तिच्या भाचीकडे गेली. रडण्याआधी माझ्या मनात काय आलं सांगू? ‘इथंही मी दुसरीच.’ आता महिना उलटला, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे...

आमच्या घरात सुमन हुशार आणि मी ‘कामाची’. ती डॉक्टर झाली, मनाच्या आजारांकडे वळली. मनानं खचलेल्या, स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या पोरांच्या मेंदूची चित्रं काढून अभ्यास करायचा, हे तिचं काम. आमच्याच भागातल्या गावांतून ती पोरांना आईबापांसकट जीपनं नागपूरला न्यायची. मी एकदा विचारलं, “दुःख दिसते का गं त्या फोटोत?” तर म्हणाली, “एकाच्या फोटोत काईच नाई दिसत, ताई. पुष्कळ जणांचे सोबत पाह्यले तं थोडासाक फरक कळते. तोही खरा हाय का, ते पुन्हा पाहा लागते.” एवढ्याशा फरकासाठी घरात हिचं इतकं कौतुक! माझ्या वांग्याच्या भाजीतला फरक पहिल्या घासाला कळतो. त्याचं कोणी नाव काढत नाही.

मेंदूचे हे फोटो काढणारं यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक. अंगावर धातू चालत नाही. आणि आमच्याकडच्या आया पोरीचा ताईत काढू देतील? “काढला अन् पोरीले काई झालं मंग?” सुमननं वाद घातला नाही. “मी घालून ठेवते ना, बाई. पोरगी बाहेर येईपर्यंत माह्या दंडावर.” मग चार-पाच ताईत बांधून ती काचेबाहेर उभी राहायची. डॉक्टरीण कमी, देवरशीणच जास्त दिसायची.

तुलनेसाठी तिला काही त्रास नसलेली पोरंही लागत. मी लगेच म्हटलं, “आमची चित्रा घे. तिले काय धाड भरली?” घरची पोरगी घेता येत नाही, असं ती म्हणाली. मी फुगले. “काऊन? तुह्या यादीत आमची पोरगी शोभत नाई का?” शेवटी, यादीत नाही पण दुसऱ्या डॉक्टरांना सांगून नुसता फोटो काढू, म्हणाली.

चित्रा तेव्हा पंधरा वर्षांची. भर चैत्रातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता. ‘किती शालीन आहे पोरगी,’ असं मी शेजारणींना मिरवून सांगायचे. तिच्या दंडावर मार्कंड्याच्या जत्रेतला, मी बांधलेला ताईत होता. नागपूरला फोटोआधी तो काढायला बाही वर करावी लागणार होती... चित्रानं हात मागे घेतला. सुमननं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “ताई, तू जरा बाहेर बस.”

मी रोज तिची वेणी घालणारी. मला वर्षभर दिसलं नाही ते हिला एका क्षणात दिसलं. तासाभरानं दार उघडलं. “फोटो राहू दे आज,” सुमन म्हणाली, “पोरगी बोलून राह्यली.” मी चित्राला विचारलं, “मले काऊन नाई सांगितलं?” ती खाली पाहून म्हणाली, “तू सगळ्यांले सांगत होती ना, माही पोरगी एकदम चांगली हाय म्हणून.”

दोन वर्षं उपचार चालले. चित्रा सावरली. ताईत मात्र सुमनच्या दंडावरच राहिला. “असू दे मावशीकडे,” चित्रा म्हणाली. बांधला होता मी! पुढे प्रत्येक लग्नकार्यात माझी नजर आधी त्या दंडावर जायची, मग तिच्या तोंडावर.

मागच्या हिवाळ्यात सुमनलाच तसल्या यंत्रात जावं लागलं. सोबत मी होते. तिनं ताईत सोडला आणि माझ्या दंडावर बांधला. काचेतून तिचे फक्त तळवे दिसत होते. आत जाता येत नाही, काही करता येत नाही, नुसतं उभं राहायचं... हिचं काम एवढं अवघड असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. ती बाहेर आल्यावर मी दंड पुढे केला. “राहू दे,” ती हसून म्हणाली, “तुले शोभून राह्यला.”

गेल्या आठवड्यात चित्राचा फोन आला. आधी इकडचं-तिकडचं विचारलं. मग म्हणाली, “आई, मले बरं नाई वाटून राह्यलं.” ‘तुले काय धाड भरली’ हे अगदी ओठांवर आलं होतं. हात दंडाकडे गेला. “बोल,” म्हटलं आणि भाजी करपू दिली. ती खूप बोलली. शेवटी म्हणाली, “मावशी असती तं...”

खोटं कशाला सांगू, पुन्हा तीच जुनी कळ उठली. ताईताचा दोरा दंडात रुतत होता. मी तो सैल केला नाही.