लाल दोरा, निळी रेघ

नांदगावजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर मी आठवडाभर आमच्या प्रयोगशाळेच्या पट्ट्या घेऊन बसत होते. दुधात अँटिबायोटिकचा कणभर अंश असला, तरी पट्टीवरचे डीएनएचे तुकडे तो नेमका पकडतात आणि निळी रेघ उमटते. रोज किटली घेऊन येणाऱ्या एका बाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या.

"माझ्याकडं दोरा हाय की, ताई. इंजेक्शन दिलेल्या गायीच्या शिंगाला लाल दोरा बांधते. तिचं दूध इथं येतच नाय."

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. किटलीचं झाकण त्या आधी पदराने पुसायच्या, मगच उघडायच्या. पाच दिवस त्यांची पट्टी कोरी राहिली. सहाव्या दिवशी रेघ उमटली. खरं तर मला आधी पट्टीचाच संशय आला. त्या मात्र रेघेकडे बघत राहिल्या.

"तिचं दूध ओतून दिलं, अन् तीच बादली दुसरीखाली लावली," त्या म्हणाल्या. "दोरा गायीला बांधला, बादलीला नाय."

भरलेली किटली त्यांनी स्वतःच मागच्या गटारात उपडी केली.

दुसऱ्या दिवशी रांग सोडून त्या थेट माझ्यापाशी आल्या, झाकण पुसलं आणि म्हणाल्या, "आधी माझं बघा."