तीन पायांचा घोडा

मी टीव्हीच्या काचेवर कोळशाने घोडा काढला. हसा. मीही हसते. नऊ वर्षांची घोडी झाले होते, पण अक्कल गुडघ्यातसुद्धा नव्हती.

कांदिवलीत पोयसर नदीला लागून आमची वस्ती, पुढ्यात इमारत. तिथे दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे आई धुणीभांडी करायची. अख्ख्या इमारतीत टीव्ही तेवढा एकच, लाकडी दारं असलेला. चित्रं काढायला शिकवायचा कार्यक्रम लागला की इमारतीतली पोरं रंगपेट्या घेऊन पुढे, सतरंजीवर. मी दाराशी, चपलांशेजारी, माझ्यासाठी टाकलेल्या पोत्यावर. त्या पोत्याला घरातलं कुणी हात लावायचं नाही. मधल्या फरशीवर आईचा पाय चालायचा, कारण ती पुसायची. माझा नाही चालायचा.

टीव्हीतले चष्मेवाले गुरुजी एक गोल काढायचे, त्याला लांब मान, आणि बघता बघता घोडा. मग थेट माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता तुम्ही काढा." मला वाटायचं, मी त्यांना दिसते. वाट बघतायत बिचारे. माझ्याकडे वही नव्हती. फ्रॉकच्या खिशात शेगडीतला विझलेला कोळसा होता. गेले की फरशी तुडवत! त्यांच्या रेघेवरून माझी रेघ. तीन पाय झाले आणि कानाखाली बसली.

"नाल्यातली घाण घरात आणलीस!" काकू ओरडल्या.

आईने काच पुसली. मग फरशी. मग परत फरशी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता माझी नात मोबाइलच्या काचेवर बोटाने घोडे काढते. घरभर कौतुक. मी म्हणते, बये, ही आयडिया आजीची. मार खाऊन आणलेली.

पुढच्या आठवड्यात काकूंकडे पाहुणे. कार्यक्रम लागला तसं मला पोत्यावरून उठवलं. "हीच ती आमची चित्रकार! काढ गं परत. आज नाही मारत, लाडू देते." माझ्यापुढे कोळसा टाकला. पाहुणे आधीच हसायला लागलेले. खोटं कशाला सांगू, तोंडाला पाणी सुटलं होतं. फरशीवर मला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं, त्यातच मी खूश. अशी लाचार कार्टी!

तेवढ्यात एक पाहुणा म्हणाला, "यांच्यात कुठली आलीय कला? माकडासारखी नक्कल करतात नुसती."

यांच्यात. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आईने ऐकलं होतं.

मी टीव्हीची दोन्ही दारं ओढून घेतली. खाडकन. आत गुरुजी बोलतच होते. लाडू ताटलीत राहिला. कोळसा मुठीत घेऊन मी बाहेर.

जिन्याच्या भिंतीला दिवाळीचा ताजा चुना होता. तिथे काढला. टीव्हीतला नाही, माझ्या डोक्यातला. माझ्याहून उंच, उधळलेला, शेपूट पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेली. तीन पाय झाले आणि कोळसा संपला.

सकाळी आई कामावर निघाली, मी तिच्या मागोमाग. काकू जिन्यातच उभ्या. आईच्या हातात बादली दिली.

"पूस. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

हे काम गेलं तर आमची शेगडी थंड, एवढं मलाही कळत होतं. भीती वाटली. मीच फडक्याला हात घातला. "मी पुसते गं आई."

आईने फडकं माझ्या हातातून काढून बादलीत टाकलं. बादली काकूंच्या पायाशी ठेवली. घोड्याकडे बघितलं, शेपटीपासून मानेपर्यंत. मग काकूंच्या तोंडावर मला म्हणाली,

"जा, घरून कोळसा घेऊन ये. चौथा पाय काढ आधी. लंगडा मी ठेवणार नाय, आणि पुसणार तर नायच नाय."