बाईंनी लिहिलेलं पाकीट

"पयले सांग, चुली किती?"

लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन कुणीही दारात उभं राहिलं की आमच्या गल्लीत सगळ्यांची पाकिटं लिहून देणाऱ्या बाई आधी हेच विचारायच्या. जितक्या चुली तितकी पाकिटं. घरोघरी गॅस आला तरी मोजायच्या त्या चुलीच. सख्खे भाऊ एका छपराखाली राहत असोत, स्वयंपाक वेगळा असेल तर पाकीट वेगळं. तुम्हालाही माहीत असेल, आमच्या अमरावतीकडे पाकिटाचा मान मोठा. त्यात चूक झाली तर माणूस मांडवात येतो, न जेवता परततो आणि पुढे दहा वर्षं ते सगळ्यांना सांगत राहतो.

बाई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. अक्षर असं की कुरिअरवालाही क्षणभर बघत राहायचा. चटईवर बसून आधी सगळ्या पाकिटांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, ते वाळू द्यायचं, मग निळा पेन हातात घ्यायचा. काळी शाई चालायची नाही. अक्षर चुकलं तर खोडायचं नाही, पाकीटच बाद. जावयाला सासऱ्याच्या पाकिटात कोंबायचं नाही, कारण "जावई रुसाले टपूनच बसला राह्यते." आणि 'गं. भा.' लिहायला त्यांचा साफ नकार. "मानूस गेला हे पाकिटावर कायले सांगाचं? श्रीमतीच लिवीन मी."

माझा मुलगा एकदा म्हणाला, मी कॉम्प्युटरवर नावांची लेबलं छापून देतो. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"औषदाच्या बाटलीले लावतेत तशी?"

विषय तिथेच मिटला.

त्यांची खरी हुशारी मला माझ्या मुलीच्या लग्नात कळली. माझं सासर चांदूर बाजारचं. दोन्ही धाकटे दीर तिथेच राहतात. संत्र्याच्या बागेत मोटर कुणी कधी चालवायची यावरून त्यांचं वाजलं, एका घरात दोन चुली झाल्या आणि बोलणं बंद झालं. सासूबाईंनी मात्र ती दुसरी चूल कधी मान्यच केली नाही. सकाळी एकाकडे जेवायच्या, संध्याकाळी दुसऱ्याकडे, आणि विचारलं तर "आमचं घर एकच" म्हणायच्या. आता दोघांतल्या मोठ्याच्या नावाने एकच पाकीट लिहावं, तर धाकटा म्हणणार मला बोलावलंच नाही. दोन लिहावीत, तर घर फुटल्याचं आपणच म्हातारीला लिहून द्यायचं. लेकीच्या मांडवात दोन्ही काका एकत्र दिसावेत, एवढंच मला हवं होतं. बाईंना हे सांगता सांगता मला रडू आलं.

"रडते काहून वं? सासूचं नाव काय तुह्या?"

"गोदावरी."

बाईंनी एक पाकीट पुढे ओढलं आणि लिहिलं, 'श्रीमती गोदावरीबाई', पुढे आमचं आडनाव, आणि खाली 'सहपरिवार'. मी बघतच राहिले. सासरे होते तोवर पाकिटं त्यांच्या नावाने यायची, नंतर मुलांच्या नावाने. सासूबाईंची सगळी हयात त्या खालच्या 'सहपरिवार'मध्येच गेली होती.

आमच्या ह्यांनी ते पाकीट नेऊन आईच्याच हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिने नातीकडून ते वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. नंतर दोन्ही मुलांना समोर बोलावलं.

"मले बलावनं आलं. मले कोन नेते, सांगा."

आईला नाही कोण म्हणणार? दोघंही नेतो म्हणाले आणि मागे हटायला कुणी तयार होईना. शेवटी एकच गाडी आली. धाकटा चालवत होता, मोठा मागे आईजवळ बसला होता. वाटेत एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत म्हणे. पण उतरताना दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं, आणि पंगतीत मोठ्या भावाने धाकट्याच्या ताटात वाकून पाहत वाढप्याला सांगितलं, "याले वरण वाढ." मला एवढं पुष्कळ झालं.

सासूबाई ते पाकीट मांडवभर दाखवत फिरत होत्या. बाईंच्याही पुढे धरलं. "वाचा बरं काय लिवलं ते." बाईंनी चष्मा नीट केला आणि श्रीमतीपासून सहपरिवारापर्यंत सावकाश वाचून दाखवलं. आपण लिहिलं, हे काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी बाई लेकीकडे अकोल्याला, जठारपेठेत राहायला गेल्या. गल्ली ओकी ओकी वाटते. यंदा माझ्या मुलाचं लग्न आहे, म्हणून पाकिटं लिहायला मीच बसले. पहिलं देवाचं लिहिलं. दुसरं बाईंचं घेतलं, 'श्रीमती' लिहिलं आणि हात थांबला. तीस वर्षं आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणत आलो. गल्लीत चार घरी विचारून आले, कुणालाच नाव माहीत नाही. मला माझीच लाज वाटली. शेवटी फोन लावला.

"बाई, तुमचं नाव काय वो?"

 पलीकडे त्या हसल्या. "लिव," म्हणाल्या, आणि पोरांना शुद्धलेखन घालावं तसं एकेक अक्षर सांगितलं. मध्ये एकदा अडखळल्या. आपलं नाव आपल्याच तोंडाने घेऊन बरेच दिवस झाले असावेत.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पाकिटावर लिहिलं आहे, आणि उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला जाऊन मी ते त्यांच्या हातात देणार आहे.