बंद केलेल्या थांब्यावरचा दगड

त्या बसची फुटलेली काच मी अजून विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे होती आणि मी पनवेल परिसरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. चिरनेरकडून येणाऱ्या सकाळच्या सरकारी बसवर आमच्या हद्दीत दगड आला. समोरची काच फोडून तो चालकाला लागला आणि त्याचा डावा डोळा गेला. तशाही अवस्थेत त्याने बस नीट कडेला घेतली, एकाही प्रवाशाला इजा झाली नाही.

पंचनामा केला, गुन्हा नोंदवला. आरोपी सापडेपर्यंत गाड्या काढणार नाही, असे म्हणून डेपोतले कर्मचारी बसून राहिले. दगडफेक म्हटली की आम्ही गावातली तरुण पोरे उचलायचो, त्यात फारसे डोके लावावे लागत नसे. तशी काही पोरे आणली, दमात घेतले आणि काही हाती न लागल्याने सोडून दिले. वाहकाचा जबाब घेतला तर तो म्हणाला, "साहेब, मी मागं तिकिटं देत होतो. खिडकीतून एक मच्छीवाली हात दाखवताना दिसली, एवढंच. पण आता तिथं स्टॉप नाही ना."

डेपोला नवे व्यवस्थापक आले होते. खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी किरकोळ थांबे बंद केले. थांबलेली गाडी पुन्हा उचलायला डिझेल जास्त लागते, यात खोटे काही नाही. हात दाखवला की थांबायची जुनी पद्धतही गेली. थांबणाऱ्या चालकाला मेमो मिळे. बस वेळेवर येऊ लागल्या. शहरातले लोक खूश होते, मीही होतो.

खबर दिली ती दगड पडला त्या गावच्या फाट्यावरच्या दुकानदार चाचांनी. "साहेब, मी कुणावर इल्जाम लावत नाही. पण रोज इथं बसला हात दाखवणारी मच्छीवाली त्या दिवसापासून दिसली नाही. बुखार असला तरी बाजार चुकवणारी बाई नाही ती."

हवालदाराला घेऊन तिच्या घरी गेलो. दारात तिचा म्हातारा नवरा बसला होता. बायकोची टोपली रोज डोक्यावर घेऊन तोच थांब्यापर्यंत यायचा. मी काही विचारण्याआधीच त्याने विचारले, "डायवरचा डोला कसा हाय?"

मी सांगितले. तो तोंड झाकून रडू लागला. ठाण्यात आणल्यावर तो एकच सांगत राहिला. "आमी रोज हात दाखवताव, तो थांबत नाय. मासली सडून जाते, खायचा काय? वाटला, काच फुटली तं थांबंल. त्याला मारायचा नवता, साहेब."

त्याला घरून नेताना आतून त्याच्या बायकोचा आवाज आला होता, तोही लक्षात आहे. "आमच्या हातची बोंबलाची चटणी नेयचा तो डायवर."

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. सगळा खटला चालकाच्या साक्षीवर उभा होता. त्याने म्हाताऱ्याला नक्की पाहिले होते, याबद्दल मला शंका नव्हती. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चालक म्हणाला, "मी कुणाला पाहिलं नाही." म्हातारा निर्दोष सुटला. मी चिडलो होतो. बाहेर आल्यावर चालकाला गाठून विचारले, खोटे का बोललास?

तो शांतपणे म्हणाला, "बसमध्ये होतो तेव्हा रोज अनोळखी असल्यासारखा पुढं गेलो. आज कोर्टात ओळखतो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? त्या दिवशी पाय ब्रेकवर गेला होता साहेब. मेमो आठवला आणि उचलला. पण नजर वळवायची लाज वाटली, म्हणून त्याच्याकडेच बघत होतो. बघत नसतो, तर दगड कदाचित कानाला लागला असता."

त्याला जीपमधून स्टॅण्डवर सोडले. गाडी चालवण्याचे काम त्याला पुन्हा मिळाले नाही. तो थांबा मात्र दगड पडल्यानंतर लगेच सुरू केला गेला होता. म्हातारा आणि त्याची बायको तिथे परत कधी उभे राहिले नाहीत, असे चाचा सांगत.

पुढे दगडफेकीचा गुन्हा आला की पोरे उचलण्याआधी मी विचारायचो, इथे नुकतेच काय बंद झाले आहे? बहुतेक वेळा धागा तिथेच सापडे. पण हा प्रश्न आम्ही पोलीस विचारायचो, म्हणजे दगड पडून गेल्यावर. तो आधी कुणी विचारला असता, तर एका चांगल्या माणसाचा डोळा राहिला असता. याचे वाईट वाटते, आणि ते काही कमी होत नाही.