युसुफेलीच्या खुणा

आमच्या घरात तांदळाची पेज उकळायला लागली की तिचा वास जिन्यातनं खाली उतरायचा, आणि खालच्या मजल्यावरची आयशे काठी टेकत वर यायची. आखातातल्या या शहरात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या इमारतीत म्हाताऱ्या अशा आम्ही दोघीच. तिला तिच्या लेकानं तुर्कस्तानातनं आणलेली, मला माझ्या लेकानं रत्नागिरीकडच्या खाडीवरनं. ती मला अब्ला म्हणायची, म्हणजे मोठी बहीण; खरं तर वयानं तीच मोठी. भाषा जुळत नव्हती, पण कबर, दुनिया, सबर एवढे शब्द दोघींकडे होते, आणि आमच्या वयाला तेवढे पुरतात.

बाहेर धुळीनं मळलेलं पांढरं ऊन असायचं. ती खिडकीशी बसायची आणि परातीतल्या तांदळात बोटानं आपला तालुका काढायची. युसुफेली. मधोमध नदी, दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर, इतके जवळ की थंडीत सूर्य उशिरा यायचा आणि लवकर जायचा. वर बर्फ, आणि खाली नदीकाठी मात्र डाळिंबं, जैतून, दगडी बांध घातलेली भातखाचरं. डोंगरात जुन्या कुठल्या राजांनी बांधलेली दगडी चर्च, त्यातल्या एकात पुढं नमाज व्हायला लागली. तालुक्याचं गाव म्हणे किती वेळा उठलं आणि दुसरीकडे बसलं. या खेपेला धरण बांधलं आणि लोकांना डोंगरावर नवी घरं दिली. मेलेल्यांनाही वर नेत होते. नातेवाइकांनी कबर दाखवायची, मग हाडं काढून वरच्या कबरस्तानात ठेवायची.

आयशेची पहिली मुलगी चाळीस दिवसांची होऊन गेली. तेव्हा बर्फ वितळून नदीला पूर आलेला, पूल वाहून गेलेला आणि कबरस्तान पलीकडे, म्हणून नवऱ्यानं तिला शेताच्या कडेला अक्रोडाखाली पुरली. दगड नाही, नाव नाही. माझीही दोन अशीच गेली, पण ती गावी आहेत आणि जमीन जागेवर आहे. आयशेला एवढंच हवं होतं, की पाणी चढायच्या आत लेकीला वर न्यावं.

तिचा पुतण्या तिथं गेला, आणि हसननं, तिच्या लेकानं, दुपारी फोनवर त्याला दाखवला. हसनची याच शहरात, नजम्यात बेकरी, कामाला आपली कोकणातली माणसं, म्हणून त्याला मोडकं हिंदी येतं. फोनमध्ये नुसती माती दिसत होती. घरं पाडलेली, झाडं बुंध्यासकट उपटून नेलेली. पुतण्या गोल गोल फिरत होता.

"खाला, समझाओ इसको," हसन मला म्हणाला. "उधर सब खलास. पेड नहीं, घर नहीं. ये बोलती, ढूँढो."

आयशे त्याच्याकडे बघेना.

माझे अब्बा मच्छीमार. पाण्यावर कुठली आली निशाणी? ते किनाऱ्याकडे बघायचे. मशिदीचा मिनार मागच्या खिंडीत नेमका बसला की एक रेघ मिळायची. दुसऱ्या अंगाला ताडाचं झाड बुरुजावर आलं की दुसरी. दोन रेघा जिथं मिळतील तिथं खाली खडप, म्हणजे बुडालेला खडक, तिथंच जाळं. एकाच खुणेवर होडी नुसती पुढंमागं वाहते.

"पहाड तो है ना उधर?" मी हसनला म्हटलं. "पूछ, बेटी के पास बैठती थी तब सामने क्या दिखता था. किसके ऊपर क्या."

"खाला इंजिनीयर बन गई!"

"पूछ रे गाढवा."

आयशेनं डोळे मिटले. मग तिचे हात वर आले आणि हवेत डोंगर लावू लागले. नदीपलीकडच्या कड्याला एक उभी चीर, आणि चिरेच्या बरोब्बर वर बर्फाचा सुळका. पुतण्या चालत राहिला, थांबला, ओरडला. आयशेनं माझा हात असा दाबला की बांगडी मांसात रुतली.

दुसरी खूण म्हणजे गावच्या मशिदीचा मिनार, मागच्या डोंगराच्या खांद्याला टेकलेला. मिनार पाडून आठ दिवस झाले होते.

पुतण्यानं त्या एका रेघेवर चार ठिकाणी खोदलं. दगड निघाले. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ होत आली तशी धरणाच्या माणसांनी त्याला बाहेर बोलावलं. हसनचा आवाज खाली आला. तिथली मूठभर माती वर नेऊन पुरू का, असं त्यानं आईला विचारलं. तिनं मान हलवली. लेक सोडून नुसती माती तिला नको होती. पुतण्यानं फोन खिशात घातला असावा, कारण नंतर काळोख दिसला आणि चालण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

काही महिन्यांनी हसननं फोटो दाखवला. हिरवं, गुळगुळीत पाणी, आणि गुडघ्यापर्यंत बुडालेले डोंगर. आयशे फोटो बघून हसनला काहीतरी म्हणाली.

"पूछती है, अब्ला, वो लाइन पर नाव जाएगी?"

"जाएगी. पत्थर की दरार पर बर्फ आया, कि लाइन मिल गई."

"बच्ची के ऊपर रुकेगी?"

एका रेघेवर नाव थांबत नाही, हे तिघांपैकी मला एकटीला ठाऊक होतं.

"रुकेगी," मी म्हटलं. अब्बांनी ऐकलं असतं तर वल्हं फेकून मारलं असतं.

आयशेनं वाटी पुढं केली. मी पेज वाढली, चिमूटभर मीठ घातलं. आताशा ती खाऊन झाली की खिडकीशी डोळे मिटून बसते, आणि मला कळतं की ती त्या रेघेवर निघाली. कुठं जाऊन थांबते, ते मी विचारत नाही.