पेशींनी मागे ठेवलेला थर

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या बसस्टँडवर होते. तिलाच भेटायला नागपूरला निघाले होते... बस आली, गेली, मी तिथेच बसून राहिले.

शाळेपासूनची माझी मैत्रीण. धानाच्या शेतकऱ्याची पोर, पण जीव अडकला प्रयोगशाळेत. स्टेम सेलपासून चेतापेशी कशा होतात, हे ती पाहायची. या पेशी आपल्याभोवती प्रथिनांचं जाळं तयार करतात आणि त्यालाच धरून वाढतात. कोणतं प्रथिन कधी तयार होतं, यात तिला भलता रस. लॅमिनिन या प्रथिनाचं नाव तर ती घरच्या माणसासारखं घ्यायची.

सुरुवातीला तिच्या पेशी नव्या बशीत रुजेचनात. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, मुळं चिखल जाईपर्यंत धुवायची सवय आमच्या हाताला लहानपणापासून. तीच सवय तिनं प्रयोगशाळेत नेली. एका बशीतून दुसरीत नेताना पेशी इतक्या निगुतीनं धुवायची, की त्यांचं जाळंही वाहून जायचं. चूक कळली तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं उलटं केलं. पेशीच काढून टाकल्या आणि बशीच्या तळाशी त्यांनी सोडलेला जाळ्याचा थर तेवढा ठेवला. त्यावर टाकलेल्या ताज्या पेशी चेतापेशी होतील का, हे पाहायचं होतं, तेवढ्यात कॅन्सर निघाला. शेवटच्या भेटीत दुखण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, "मले एवढंच पाह्यचं आहे, त्या थरावर तंतू फुटते का नाही." मला तिचा रागच आला. जीव चाललाय आणि हिला तंतूंची पडलीय.

गेल्या आठवड्यात तिच्या सहकाऱ्याचा फोन आला. तंतू फुटले होते, म्हणजे ताज्या पेशी चेतापेशी झाल्या होत्या; लॅमिनिन जास्त होतं त्या थरावर तर भरपूर. मी तशीच तिच्या आईकडे गेले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिले मालूम पडलं होतं का हे?"

मी नाही म्हणाले. मावशी उठल्या आणि त्यांनी वनिताच्या खोलीचं दार उघडलं.

"इथं बसून सांग. पहिल्यापासून."

रिकाम्या पलंगासमोर मी सगळं सांगितलं. वाटलं होतं रडू येईल, पण सांगण्यात रमले. संपल्यावर मात्र सवयीनं थांबले. वनिताला काहीही सांगा, पुढचं विचारल्याशिवाय ती सोडायची नाही... मग दारातून मावशीच म्हणाल्या,

"अन् मंग?"