केकखालची वाळू

मी आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की एका शनिवारी संध्याकाळी माझ्या आईने माझ्या वडिलांची शेवटची आठवण चहाबरोबर खाल्ली. छान झालाय म्हणाली.

दोष अस्वलाचा, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. माझी मुलगी ईरा साडेतीन वर्षांची. (मी सत्तेचाळीस. बालवाडीच्या फाटकावर मला तिचे आजोबा समजतात. मी आता दुरुस्त करत नाही.) तिच्या लाडक्या चित्रांच्या पुस्तकात एक अस्वल आपल्या आजीसाठी केक करतं. त्या शनिवारी बायको बँकेत होती, आई शेजारच्या सावंत काकींबरोबर वडाळ्याला डोळे तपासायला गेली होती, आणि ईरा माझ्या ताब्यात होती. म्हणजे मी तिच्या.

"बाबा, आज आजीसाठी केक."

"आपल्याकडे ओव्हन नाही गं."

"अस्वलाकडे पण नाहीये." तिने पान दाखवलं. अस्वल खरंच दगडांची भट्टी रचत होतं.

मग मला आठवलं, लहानपणी आई जाड पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर केकचा डबा ठेवायची. पण लालबागच्या चौथ्या मजल्यावर वाळू कुठली? तर होती. तांदळाच्या पिंपामागे, स्टीलच्या डब्यात.

इथे आमच्याकडचे वाचक ओरडले असतील. इतरांसाठी सांगतो. गणपती विसर्जन करून परतताना रिकाम्या पाटावर समुद्राची थोडी वाळू आणतात. ती वर्षभर घरात राहते आणि पुढच्या विसर्जनाला समुद्राला परत जाते. ही वाळू अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणलेली. गुडघे गेलेले असताना स्वतः पाण्यात उतरून. ("थांबा, मी आणतो," असं मी म्हणालो होतो. फोनवर हात ठेवून.) अण्णांना कोथिंबिरीची एक जुडी सांगितली तर चार आणायचे. वाळूही त्यांनी पाट भरून आणली. त्या दिवाळीनंतर ते गेले. पुढच्या वर्षी दुखवट्यामुळे घरी गणपती आला नाही आणि वाळू तशीच राहिली. रोज दिवा लावला की आई त्या डब्याला हात लावून नमस्कार करायची.

ती कसली वाळू होती हे मला ठाऊक नव्हतं, असं मी आधी लिहिलं होतं. खोडलं. डब्यात वाळलेल्या दूर्वा होत्या. मी त्या चिमटीत धरून बाजूला ठेवल्या आणि मनात म्हटलं, नुसती तापवायची तर आहे. गार झाली की परत डब्यात.

त्यानंतर आम्ही पुस्तकाबरहुकूम निघालो. अस्वल अंडं नाकावर फोडतं. माझ्या नाकावर दोन फुटली, तिसरं भांड्यात पडलं. अस्वल बेकिंग पावडर "चिमूटभर, आणि अजून एक चिमूटभर" घालतं. ईराने सगळी पुडी ओतली. मी चष्म्यावरचं अंडं पुसत होतो, तेवढ्यात.

केक फुगला. फुगतच राहिला. डब्याबाहेर आला, वाळूत उतरला आणि जळायला लागला. पुढच्या पानावर अस्वलाचा केकही जळतो आणि ते बादलीभर पाणी ओततं. ईराने ते पान मला दाखवलं नाही. सरळ तांब्या उचलला.

तापलेल्या वाळूवर पाणी पडलं की काय होतं ते मी वर्णन करत नाही. ईराला काही झालं नाही, ती माझ्या मागे होती. मला भुवया नव्हत्या. केक वाळूत आडवा, आणि वाळूचा अंडं, साखर, मैद्यासकट एक काळा गोळा झालेला. धुऊन पाहिला. सुटेना. शेवटी मी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खाली कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडी गेली. मी तिच्या मागे थोडं धावलोही. मग थांबलो. ड्रायव्हरला काय सांगणार होतो?

संध्याकाळी आई आली. मी खालचा भाग सुरीने खरवडून काढल्यावर उरलेला केक ईराने तिच्यासमोर धरला.

"आजी, तुला."

"माझ्या बायने केला?" आईने मोठा तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबली. "कचकचतंय रे काहीतरी."

"रवा आहे," मी म्हणालो. "जाड रवा."

"छान झालाय," आई म्हणाली आणि अजून एक घेतला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या तोंडाला काय झालंय? की माझेच डोळे? नवा नंबर दिलाय डॉक्टरांनी. चष्मा करून आण."

रविवारी सकाळी मी शेजारच्या टॉवरच्या बांधकामावर गेलो.

"रेती चाहिए," वॉचमनला म्हटलं.

"कितनी गाडी?"

"एक डबा."

त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्या भुवयांच्या जागेकडे. "ले जाओ," हळू आवाजात म्हणाला. "तबियत संभालो, साहब."

ती वाळू करडी होती, खडी दळल्यासारखी. चाळली, धुतली, तव्यावर भाजून तांबूस करायचा प्रयत्न केला. वर त्याच जुन्या दूर्वा ठेवल्या. त्याच संध्याकाळपासून आई बिल्डरच्या मालाला नमस्कार करायला लागली.

चष्मा आठवड्यात तयार झाला. मी आईला सांगितलं, दुकानात गर्दी आहे. नंतर सांगितलं, काच चुकीची आली. नंतर तिने विचारणं सोडलं.

यंदा गणपती आला. विसर्जनाला आई हट्टाने गिरगावला आली, डबा पदराखाली धरून. पाण्याच्या कडेला तिने वाळू हातावर घेतली, बोटांनी चाचपली.

"किती जाड आणली होती रे यांनी," ती हसत म्हणाली. "कधी काही बघून आणलं नाही." आणि तिचे डोळे भरले.

माझ्या खांद्यावर बसलेली ईरा ओरडली, "आजी, ही ती नाहीये! ती बाबाने कचऱ्यात टाकली!"

ढोल वाजत होता. ढोलाच्या आवाजाविरुद्ध मी आजवर तीन तक्रारी केल्या आहेत. त्या दिवशी त्या पोरांनी आणखी जोरात बडवावा म्हणून मी हात जोडले.

"काय म्हणते ही?" आई कानाशी हात नेत म्हणाली.

"केक मागतेय," मी म्हणालो.

आईने वाळू समुद्राला दिली, अण्णांची समजून. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली, मूठभर नवी वाळू काढली आणि माझ्या रुमालात बांधली. "आता तू सांभाळायची. त्यांनी सांभाळली तशी."

रुमाल घरी पिंपामागे आहे. मी आता केक करत नाही. अण्णांची वाळू आता काही परत येणार नाही. चष्मा मात्र माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तयार आहे. तो मी आईला देणं लागतो, आणि त्यातून वाचायला हा मजकूर.